खांद्याचे दुखणे : दोष सांध्याचा की मज्जातंतूंचा?

(ग्रंथालयाच्या आरोग्यविषयक व्याख्यानातील भाषण)



डॉक्टर आपल्या चुका सहसा चारचौघांत सांगत नाहीत. मी आज माझ्याच एका चुकीपासून आरंभ करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे आले. तापातून उठून त्यांना आठवडाच झाला होता. एका रात्री उजव्या खांद्यात अशी कळ उठली, की पहाटेपर्यंत ते येरझारा घालीत राहिले. खांदा आखडला असे समजून मी त्यांना जोराचे व्यायाम सांगितले. तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. वेदना ओसरली होती. पण फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर जाईना. भिंतीला तळहात टेकून जोर देताच खांद्याचे पाते पंखासारखे मागे उचलले गेले, आणि माझी चूक मला दिसली.

मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याचा हा दाह होता. १९४८ साली पार्सोनेज आणि टर्नर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १३६ रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा सवय नसलेले श्रम यांच्यामागून तो पुष्कळदा येतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, असे मानले जाते.

तो ओळखावा कसा? आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलला तरी अडतो. येथे दुसऱ्याने उचललेला हात बहुधा वर जातो. रुग्णाला स्वतःला मात्र तो उचलवत नाही. मानेतील चकतीचा दोष वगळण्यासाठी एमआरआय उपयोगी पडतो. मज्जातंतूंची विद्युत तपासणी सुमारे तीन आठवड्यांनी करावी. त्याआधी ती निर्दोष येऊ शकते.

आरंभी पुरेशी वेदनाशामके द्यावीत. लवकर दिलेल्या स्टिरॉइडने काहींची वेदना लवकर शमते. मधुमेह्यांना मात्र ते जपूनच द्यावे. पुढे सांधा आखडू नये एवढ्याच सौम्य हालचाली कराव्यात. दुबळ्या स्नायूंना दमवू नये. मज्जातंतू सावकाश सावरतात. त्यास महिने, क्वचित दोनतीन वर्षेही लागतात, आणि काहींचा थोडा अशक्तपणा कायम राहतो.

दीड वर्षाने त्या शिक्षकांचा हात फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत पोचला. पूर्वीचा जोर मात्र आला नाही. म्हणून एवढेच सांगतो, कळ थांबली म्हणजे रोग गेला असे समजू नका. हात उचलून पाहा. उचलत नसेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.