आपल्याच पक्षाच्या दरबारात



भावी काळातील जुलमी राजवटींचे चित्र रंगविणाऱ्या किशोरवयीनांच्या कादंबऱ्या म्हणजे प्रवासात वाचून टाकून देण्याची चीज, असा आपल्याकडील प्रौढ वाचकांचा समज आहे. परंतु मनुष्याने स्वतःशी इमान राखावे म्हणजे नेमके काय करावे, हा प्रश्न या ग्रंथांनी ज्या निष्ठुरपणे विचारला आहे, तसा तो आमच्या प्रौढ कादंबरीनेही क्वचितच विचारला असेल.

लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’मधील (१९९३) जोनासचे संकट भयंकर खरे, पण सरळ आहे. राजवटीने रयतेची स्मृती, इतकेच काय, डोळ्यांपुढील रंगदेखील जप्त केलेले आहेत. ते ज्याला गवसले त्याने, मृत्यू नेमून दिलेल्या तान्ह्या गॅब्रिएलला घेऊन, त्या मुलखाची सरहद्द ओलांडावी.

सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये (२००८) असा मार्गच नाही. पॅनेम राज्याच्या बारा जिल्ह्यांतून बारा ते अठरा वर्षांची एकेक मुलगी व एकेक मुलगा दरसाल चिठ्ठ्या टाकून निवडावा, आणि त्या चोवीसांतील एकच उरेपर्यंत चाललेला संहार साऱ्या प्रजेने पाहावा, असा सत्ताधारी राजधानीचा, म्हणजे कॅपिटॉलचा, शिरस्ता; त्यातही धान्य व तेलाच्या शिध्यासाठी गरिबांची पोरे आपल्या नावाच्या चिठ्ठ्या वाढवून घेतात, म्हणून सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या, नावाच्या वीस चिठ्ठ्या त्यात पडलेल्या! आखाड्यात उतरण्याच्या आदल्या रात्री तिच्याच जिल्ह्याचा स्पर्धक पीटा तिला म्हणतो की, मरायचेच तर मी मीच राहून मरेन, यांनी मला दुसरेच काही बनवू नये. कॅटनिसला हा विचार परवडत नाही. घरी धाकटी बहीण आहे. तिच्यासाठी जगून परतायचे आहे. आणि तरीही अकराव्या जिल्ह्याची चिमुकली रू मारली जाते तेव्हा तिच्या देहावर फुले रचणारी कॅटनिसच असते. आत्मनिष्ठेची चर्चा पीटाने केली, आचरण हिच्या हातून, नकळत, घडले. मला या ग्रंथाचे मर्म येथे दिसते.

पण पुढे जे होते ते अधिक भेदक आहे. त्याच मालिकेतील ‘मॉकिंगजे’त (२०१०) कॅपिटॉलविरुद्ध उठलेल्या बंडखोरांना याच निष्कपट मुलीचा प्रचारासाठी उपयोग हवा असतो. रंगभूषा करून, वाक्ये पढवून तिचे चित्रण केले जाते, आणि ते हास्यास्पद ठरते. तेव्हा तिचा मार्गदर्शक हेमिच मंडळींना विचारतो, ‘या मुलीने तुम्हांला खरोखर केव्हा हेलावले?’ उत्तरे येतात, आणि ध्यानात येते की त्या प्रत्येक वेळी तिला कोणी काही शिकवलेले नव्हते. निष्कर्ष काय, तर तिला आठव्या जिल्ह्याच्या रणधुमाळीत न्यावे, म्हणजे खरी भावना आपोआप कॅमेऱ्यात उतरेल! शत्रू सच्चेपणा चिरडू पाहतो. मित्र तो सरकारी दप्तरी जमा करून घेतात. पहिल्याशी लढता येते, दुसऱ्याला नकार देताना कृतघ्न ठरावे लागते.

विजयानंतर बंडाची अध्यक्षा कॉइन कॅपिटॉलच्या मुलांचा तसाच एक संहाराचा खेळ भरवण्याचा प्रस्ताव मांडते. पीटा तो धिक्कारतो. कॅटनिस, आता मृत झालेल्या बहिणीचे नाव घेऊन, होकार देते. हा होकार सुडाचा की डावपेचाचा, यावर वाचकांत दुमत आहे. मी तो डावपेच मानतो, कारण कॅपिटॉलचा पदच्युत सत्ताधीश स्नो याच्या वधासाठी हाती दिलेला बाण ती कॉइनवर सोडते. नव्या राजवटीने तिच्या या कृत्याचा न्याय केला तो तिच्या गैरहजेरीत, आणि डॉक्टरच्या साक्षीवरून तिला भ्रमिष्ट मानून बाराव्या जिल्ह्यात परत धाडले.