विद्यापीठाच्या ग्रंथालयात शेतकऱ्याचे काय काम?

(पैठण येथे शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कृषी महाविद्यालयातला माणूस आला म्हणजे खत आणि फवारणीवर बोलणार, अशी आपली समजूत असते. आज मी ग्रंथालयावर बोलणार आहे. मागच्या बाकावरचे दोघेतिघे आत्ताच घड्याळाकडे पाहू लागले आहेत. त्यांनी थोडा धीर धरावा. मोसंबीपर्यंत आपण येणारच आहोत.

पैठणला पोथीपुस्तकांचे अगत्य नवे नाही. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. हातोहात नकला होताना पाठ बदलत गेले होते, म्हणून हा खटाटोप करावा लागला. शेतीच्या माहितीचे आज तेच झाले आहे. एक शिफारस विद्यापीठातून निघते आणि कृषी सेवा केंद्र, शेजारी, पाहुणे असे करत बांधावर पोहोचते. तोवर प्रमाण बदललेले असते, वेळ बदललेली असते. मूळ प्रत कुठे आहे हे ठाऊक असले, तर ताडून पाहता येते.

ही मूळ प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात असते. परभणीचे आपले कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी स्थापन झाले. 2013 पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या प्रश्नावर प्रयोग करून प्रबंध लिहावा लागतो आणि त्याची प्रत ग्रंथालयात जमा होते. पन्नास वर्षांचे हे साठवण आहे. कापूस, तूर, ज्वारी, ऊस, मोसंबी, ठिबक, आंतरपिके अशा विषयांवर किती रब्बी-खरीप त्यात नोंदले गेले असतील, याचा विचार करा. दुर्दैवाने त्यातले बरेचसे प्रबंध परीक्षा झाल्यावर कपाटात गेले ते गेलेच. मला ही गोष्ट फार खटकते. खर्च जनतेच्या पैशाचा आणि वाचणारा मात्र पुढच्या वर्षीचा विद्यार्थी!

आता परिस्थिती थोडी बदलली आहे. देशातील कृषी विद्यापीठांचे प्रबंध संगणकावर चढवून 'कृषिकोश' नावाचा साठा तयार झाला आहे. परभणीबरोबरच राहुरी, अकोला, दापोली येथील विद्यापीठांचे कामही त्यात शोधता येते. इंटरनेट असलेल्या मोबाइलवरून बरेच प्रबंध घरी बसून पाहता येतात. अडचण भाषेची आहे, कारण ते बहुधा इंग्रजीत असतात. गावात कृषी पदवीधर मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांना हाताशी धरा. नोकरीची वाट पाहणाऱ्या मुलाला हे काम सांगितले तर तो ते आनंदाने करतो, असा माझा अनुभव आहे.

आता मोसंबी. 2012-13 च्या दुष्काळात मराठवाड्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, कित्येकांना त्या तोडाव्या लागल्या. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. पुन्हा लागवड करताना आपण रोपाची उंची पाहतो, किंमत पाहतो. डोळा कोणत्या खुंटावर भरला आहे हे मात्र फार थोडे जण विचारतात. जंबेरीवर झाड जोमाने वाढते, पण मूळकूज आणि डिंक्याला लवकर बळी पडते. रंगपूर लिंबाचा खुंट पाण्याचा ताण आणि चुनखडीची जमीन त्या मानाने बरी सोसतो. हा निर्णय एका हंगामाचा नाही, पंधरा-वीस वर्षांचा आहे. रोपे आणण्याआधी खुंटांच्या तुलनेवरचे दोन प्रबंध कोणाकडून वाचून घेतले, तर एक दिवस जाईल. चुकीचा खुंट लागला, तर ते बागेला फळे धरायच्या वयात कळते.

प्रबंध वाचायचा कसा? सगळी पाने वाचायची गरज नाही. आधी शेवटचा सारांश आणि निष्कर्ष पाहा. मग प्रयोग कुठे झाला, जमीन कशी होती, किती वर्षे झाला हे पाहा. परभणीच्या खोल काळ्या जमिनीत आलेला निष्कर्ष गोदाकाठच्या काळ्या रानाला लागू पडेल, पण मुरमाड माळाला तसाच लावू नका. एकाच हंगामाचा प्रयोग असेल तर त्यावर एकदम सगळे रान लावू नये.

त्यानंतर तक्ता पाहा. तक्त्याच्या तळाशी 'सी. डी.' म्हणून एक आकडा असतो. मराठीत त्याला क्रांतिक फरक म्हणतात. हा आकडा समजला की निम्मा प्रबंध समजला. समजा, एका खतमात्रेला हेक्टरी 18 क्विंटल उत्पादन आले, दुसऱ्या जास्त मात्रेला 19 क्विंटल आले आणि सी. डी. आहे 2.4. म्हणजे दोन्हींतला एक क्विंटलचा फरक जमिनीच्या उंचसखलपणामुळे किंवा योगायोगानेही पडू शकतो. दोन्ही मात्रा सारख्याच समजायच्या आणि कमी खर्चाची घ्यायची. फरक 2.4 पेक्षा जास्त असेल, तरच जादा गोणीचा हिशेब मांडायचा. 'एक क्विंटल वाढ' असे छापलेल्या जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो. तो मागावा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जुने पुस्तक हाती आले तर छपाईचे वर्ष पाहिल्याशिवाय औषधाचे नाव उतरवून घेऊ नका. जुन्या पुस्तिकांत बीएचसी भुकटी सर्रास सुचवलेली दिसते. तिच्यावर 1997 साली बंदी आली. एंडोसल्फान 2011 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले. याच्या उलट, बोर्डो मिश्रणाची माहिती फ्रान्सच्या द्राक्षबागांतून 1885 साली मिलार्डे यांनी प्रसिद्ध केली आणि डिंक्यासाठी खोडाला लावायची बोर्डो पेस्ट आपण आजही करतो: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. म्हणून जुने ते सगळे टाकाऊ समजू नये. औषधांपुरती खात्री चालू वर्षाच्या कृषी दैनंदिनीवरून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून करून घ्यावी.

ग्रंथालयात प्रत्यक्ष गेलात तर बुजू नका. ड्यूई पद्धतीने पुस्तके लावलेली असतील तर शेतीची कपाटे 630 पासून सुरू होतात. जमीन 631, रोग-कीड 632, शेतातील पिके 633, फळबाग 634, भाजीपाला 635, जनावरे 636. एवढे सहा आकडे चिठ्ठीवर लिहून न्या. पुस्तके घरी नेण्याची मुभा बाहेरच्यांना बहुधा नसते; बसून वाचता येईल का, झेरॉक्स मिळेल का, हे आधी फोन करून विचारा, म्हणजे खेप वाया जाणार नाही. परभणी आपल्याला लांब पडते. आपल्या विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र मात्र छत्रपती संभाजीनगरला पैठण रस्त्यावरच आहे. पहिला प्रश्न तिथे विचारावा.

प्रश्न विचारताना 'मोसंबीचे पुस्तक द्या' असे म्हणू नका. बागेचे वय, खुंट, जमीन, पाणी कोठून मिळते, झाड कोणत्या बाजूने वाळते आणि कोणत्या महिन्यात, हे कागदावर लिहून आणा. माती आणि पाणी तपासणीचा अहवाल असेल तर सोबत ठेवा. त्यावरून नेमका प्रबंध शोधायला सोपे जाते.

एका प्रबंधातल्या तक्त्याच्या काही प्रती मी बरोबर आणल्या आहेत, त्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहा होईपर्यंत एकेक घ्या आणि तळाचा आकडा शोधून ठेवा, मग आपण तो मिळून वाचू.