कुंडीमागचा डोंगर



शाळेच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर पाहुण्याच्या भाषणाचा विषय छापलाय ‘कलाक्षेत्रातील संधी’. पाहुण्याला ‘मी, मी’ करायचा संकोच वाटतो, म्हणून आज तो स्वतःला ‘तो’ म्हणणार आहे.

तर तो याच शाळेतला. घरापासून शाळा पाच मिनिटांवर, पण नवरात्राच्या तोंडावर त्याला अर्धा तास लागायचा. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर देवीचा मांडव उभा राहत असायचा. शिवसेना नेते आनंद दिघ्यांनी १९७८ मध्ये सुरू केलेला हा उत्सव पाहायला लोक लांबून येतात ते देवी बसल्यावर. याला मात्र आधीचे दिवस प्यारे. बांबू, सुतळ्या, निम्माच रंगवलेला खांब. उशीर झाला की वर्गशिक्षक बाहेर उभं करत, चित्रकलेचे सर तिथून जाताना हळूच विचारत, “आज कुठवर आलंय?”

तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

पुढे त्याचं लग्न झालं, तीही चित्रकार. ठाण्यातल्या त्यांच्या घरात पुढची खोली गॅलरी, मागची स्टुडिओ. सोफा नाही, पाहुणे छापयंत्राला टेकून चहा पितात. दोन्हीकडच्या नातेवाइकांना हा संसार वाटतच नाही. अशा वेळी तो त्यांना सावंतवाडीची गोष्ट ऐकवतो.

सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि बडोद्याहून सून होऊन आलेल्या सत्त्वशीलादेवी राहत. गावातली गंजिफा तेव्हा मरणपंथाला लागली होती. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते. दशावतारी जोडात १२० पत्ते: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, त्यात एक राजा आणि एक प्रधान. ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी म्हातारे झाले होते. राजा-राणी त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसले! नुसता आश्रय देऊन मोकळे झाले नाहीत, स्वतः कुंचला धरला. १९७१ मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झालं, आणि तेही वाड्यातच. जिथं मुजरे झडत, त्या दरबार हॉलमध्ये चित्रकार मांडी घालून पत्ते रंगवू लागले. येणारा-जाणारा तिथंच पाहणार, तिथंच विकत घेणार.

त्याला यातली राजेशाही फारशी महत्त्वाची वाटत नाही. त्याला भावतं ते एवढंच, की मत्स्यावताराला अजून डोळा काढायचाय आणि समोर परका माणूस उभा आहे. मुलांनो, अर्धं काम लपवू नका. मोबाइलवर तुम्ही फक्त तयार चित्र टाकता; ते पाहून शेजारच्या मुलाला वाटतं, हे आपल्याला कधी जमणार? खोडलेली रेघ दिसली तर तो उद्या स्वतः कागद घेऊन बसेल. आणि दुसऱ्या रांगेतल्या ताई, तुम्ही छान मान डोलावताय. पण घरी लादीवर रंग सांडला की काय बोलता, तेही तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या तोंडावर दिसतंय. सांडू द्या. राजवाड्यात चालतं, तर वन-बीएचकेमध्ये का नाही?

संधींबद्दल बोलायचंच राहिलं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्या. आपल्याकडे १८५७ पासूनचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, त्यासाठी प्रवेश परीक्षा असते. फॉर्मची तारीख मुख्याध्यापिका बाई सांगतील. डोंबिवलीत शिल्पकार भाऊ साठ्यांचं शिल्पालय आहे, सहल न्या. गेटवे ऑफ इंडियासमोरचा १९६१ सालचा घोड्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच. तो पाहायला आपण मुंबईला जातो आणि डोंबिवलीला मात्र कधी उतरत नाही.

विश्वस्त घड्याळाकडे पाहताहेत. तो शाळेत उशिरा यायचा, तेव्हाही लोक घड्याळाकडे असंच पाहत.

शेवटचं एक. पाहुण्याच्या पाठीमागचा हा पडदा मुलांनीच रंगवलाय ना? डावीकडचा डोंगर राहिलाय, आणि तो दिसू नये म्हणून मघापासून कोणीतरी क्रोटनची कुंडी हळूहळू सरकवतंय. सर, तुम्हीच आहात का? ती कुंडी बाजूला घ्या. आणि डोंगर ज्याच्याकडे होता, त्या मुलाला जरा वर पाठवा. कुठवर आलंय, ते त्याला विचारायचंय.