भदंत आनंदांची चीवरे आणि आपली बादली
(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळातर्फे केलेले भाषण)



आम्ही मोठं भाषण करायला उभ्या नाही. कचऱ्याबद्दल बोलायचं आहे. हसू नका!

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला वाटले, हा भिक्खू आता कापडाचे दुकान मांडतो की काय! त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? अंथरुणावर घालू. ती जुनी झाली तर? गादीच्या खोळी. मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. फडकीही फाटली की ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवू. राजा खूश झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्या आज्यांनी विनयपिटक वाचलं नव्हतं, पण जुन्या लुगड्याची गोधडी कोण शिवत होतं?

आता आमचीच चूक सांगतो. एका वैशाख पौर्णिमेला खीरदान झाले. थर्माकोलच्या वाट्यांचा ढीग, त्यात फुटलेला काचेचा ग्लास, सगळे एकाच पोत्यात कोंबून आम्ही कोपऱ्यावर ठेवले. सकाळी कचरा वेचणाऱ्या ताईंनी पोते उघडले आणि हात कापला. चिंधी बांधत त्या एवढंच म्हणाल्या, "जयभीम घालता ना, मग काच कागदात गुंडाळायला काय होतं?" आम्हाला उत्तर सुचलं नाही.

पुण्यात अशा कष्टकऱ्यांची कागद काच पत्रा पंचायत १९९३ साली उभी राहिली. त्यातल्या कितीतरी बाया आपल्याच समाजाच्या. म्हणजे आपण फेकतो ते आपलीच मावशी उचलते.

थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ साली बंदी आली. आम्ही मात्र आधी वर्गणी काढून स्टीलच्या वाट्या घेतल्या होत्या. घासायचं कोणी, यावरून दोन महिने भांडणं झाली, ते खरं. शेवटी पाळी लावली, आणि पाळीत पुरुष मंडळींचीही नावं घातली. (काहीजण त्या दिवशी नेमके आजारी पडतात!)

ओला कचरा वेगळाच ठेवायचा. तो कचराडेपोत दबून कुजला की त्यातून पेट घेणारा वायू निघतो. पुण्याच्या कचऱ्याचा वास उरुळी देवाची-फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षे सोसला. विहारातली वाहिलेली फुलं आणि बोधिवृक्षाची पानं आता मागच्या खड्ड्यात जातात, त्याचं खत कुंड्यांना. काच आणि ब्लेड कागदात गुंडाळून, वर लाल पेनाने फुली मारून, ताईंच्या हातात द्यायचे.

येत्या पौर्णिमेला खीर आहे. वाट्या दीडशेच आहेत. ज्यांना जमेल त्यांनी घरून वाटी आणावी, आणि घासायच्या पाळीसाठी नाव आजच जाताना मंडळाकडे द्यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.