लेखणी, कॅमेरा आणि करार



कामगारांच्या सभांतून घसा फोडणाऱ्या माणसाने ब्लॉग लिहिणाऱ्यांविषयी, मोबाईलवर चित्रफिती करून यूट्यूबवर टाकणाऱ्यांविषयी आणि त्यांना जाहिराती देणाऱ्या कंपन्यांविषयी बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. वाटू द्या. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि जिनांत, गोदामांत जास्त झाले. तेथे एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो. एकाजवळ मेहनत आणि दुसऱ्याजवळ पैसा अशी दोन माणसे समोरासमोर आली की भाव ठरतो. आणि भाव ठरताना जो एकटा असतो, अडलेला असतो, ज्याच्या हाती कागद नसतो, तो मार खातो. मग त्याच्या पाठीवर कापसाची गाठ असो, की हातात कॅमेरा असो.

कंपनी आणि लिहिणारा यांचे हे नाते काही काल-परवाचे नव्हे. किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते असे शेतकरी म्हणत. नांगर विकायचा तर आधी माणसाच्या मनातली ही अढी काढायला हवी होती. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची माहिती देणारे हे पत्र पाहता पाहता ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे जन्मली. घरोघरच्या माणसांनी ती मासिके काही नांगरासाठी घेतली नाहीत. त्यांत वाचण्यासारखे असे, म्हणून घेतली. आणि कारखान्याचे नाव आपोआप घरात गेले. या धंद्याचे सारे मर्म आमच्या मते येथे आहे. वाचक आधी, माल मागाहून.

अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे घ्या. नातवाने मोबाईल धरला, आजींनी चुलीशी बसून भाजी केली, आणि ‘आपली आजी’ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. त्यांच्याजवळ भांडवल कोणते होते? लोकांना वाटणारा भरवसा, की ही बाई सांगते ते तिच्या हाताखालून गेलेले आहे. कंपनी विकत घ्यायला येते ती हा भरवसाच. म्हणून त्याची किंमत आधी आपल्याला कळली पाहिजे.

आमच्याकडे पुसद, दिग्रस, वणीकडची मुले येतात. कोणी कपाशीवर बोलतो, कोणी वऱ्हाडी बोलीत हसवतो, एखादी मुलगी शिवणकाम शिकवते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “दादा, आमच्याकडे कंपनी कशी येईल?” आम्ही म्हणतो, ती येण्याची वाट कशाला पाहता? तुम्ही जा. पण हात जोडून नको, हिशेब घेऊन जा. आपले बोलणे कोण ऐकतो, कोणत्या तालुक्यात ऐकतो, किती वेळ ऐकतो, खाली प्रश्न कोणते विचारतो, हे एका पानावर लिहा. दारव्हा, नेर, दिग्रस या पट्ट्यातले पाच हजार कापूसवाले ज्याचे ऐकतात, तो ठिबकच्या नळ्या विकणाऱ्याला लाखभर रिकामटेकड्या प्रेक्षकांच्या धन्यापेक्षा अधिक उपयोगी आहे. हे त्या व्यापाऱ्याला ठाऊक असते. मुलाला ठाऊक नसते, आणि येथेच भाव पडतो. शिवाय आरंभ मुंबईच्या कंपनीपासूनच व्हावा, असा काही नियम नाही. दत्त चौकातला दुकानदार, गावातला तेलघाणीवाला, महिला बचत गटाचे लोणचे, हीसुद्धा गिऱ्हाइकेच आहेत. तेथे केलेले चोख काम मोठ्या दारात दाखवता येते.

आता मजुरीचे. कंपनीचा माणूस किंवा त्याचा दलाल (आमच्या भाषेत मुकादम) म्हणतो, “पैसे कशाला, आम्ही वस्तू पाठवतो, तुमचे नावही होईल.” मंडळी, गिरणीमालकही एकेकाळी पगाराऐवजी दुकानाची चिठ्ठी देत. म्हणून १९३६ च्या वेतन कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्यावी असे बजावले. फुकटची वस्तू म्हणजे उत्पन्न, हे तर सरकारही मानते. १ जुलै २०२२ पासून अशा लाभांची किंमत वर्षाला वीस हजार रुपयांच्या वर गेली, की त्यावर दहा टक्के करकपात लागू झाली. सरकारला जी मजुरी दिसते, ती आपल्याला का दिसू नये?

दारव्ह्याकडच्या एका मुलाने एका दलालासाठी तीन चित्रफिती केल्या. बोली तोंडी होती. सहा महिने तो फोन करीत राहिला, आणि त्याची चित्रफीत मात्र कंपनी आपल्या जाहिरातीत खुशाल वापरीत राहिली. म्हणून कागद हवा. काम किती, दुरुस्त्या किती वेळा, पैसे कोणत्या तारखेला, आणि आपला चेहरा व आवाज कंपनी किती महिने वापरणार, हे त्यात आलेच पाहिजे. शेवटचे कलम सर्वांत महाग असते आणि तेच बारीक अक्षरांत असते. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकते करावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. हा कायदा आपल्या मुलांना कोणी सांगतच नाही.

पण केवळ आपल्या हक्कांचेच बोलून आम्ही थांबलो, तर ते अर्धे बोलणे होईल. श्रोत्याचाही हक्क आहे. पैसे घेतले, वस्तू घेतली, सहलीला नेले, तर ते त्याच चित्रफितीत स्पष्ट सांगावे, असे केंद्र सरकारने २० जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. दिशाभूल केल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. आणि वर्षभर जाहिरात करण्यास बंदीही होऊ शकते. पण आमच्या जिल्ह्यात दंडाहून मोठी गोष्ट आहे. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, आणि शेकडो इस्पितळात गेले. ती माणसे बहुतेक दुसऱ्याच्या शिवारात रोजाने फवारणारी होती. डब्यावरचे बारीक अक्षर त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही. आज तीच माणसे मोबाईलवरच्या आपल्या बोलीतल्या मुलाचे ऐकतात. तो मुलगा बाटली हातात घेऊन “एका फवाऱ्यात बोंडअळी साफ” म्हणतो, तेव्हा डब्यावर लाल त्रिकोण आहे की हिरवा, किती पाण्यात किती औषध, तोंडावर फडके पुरे आहे की नाही, हे त्याला माहीत नसेल तर त्याने ते पैसे घेऊ नयेत. आम्ही गरिबी पाहिलेली माणसे आहोत. पैसे नाकारा म्हणणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. तरीही म्हणतो.

नाकारण्याचे बळ एकट्याला येत नाही, येथे आमची संघटना उपयोगी पडते. माथाडीचा धनी रोज बदलतो. आज या व्यापाऱ्याची पोती, उद्या त्याची. मग हक्क मागायचा कोणाकडे? १९६९ च्या माथाडी कायद्याने मार्ग काढला. मंडळ नेमले, मालक आणि हमाल दोघांची नोंद केली, मजुरी आणि वर लेव्ही मालकाने मंडळात भरायची. चित्रफिती करणाऱ्याचा धनीही रोजच बदलतो. अमेरिकेत नटनट्यांच्या सॅग-आफ्ट्रा या संघटनेने २०२१ साली अशा लोकांसाठीही करार तयार केला. आपल्याकडे मंडळ नाही. परंतु यवतमाळातल्या दहा-बारा जणांनी एका खोलीत बसून, कोणत्या कंपनीने किती दिले, कोणी बुडवले आणि कोणत्या दलालाने किती कापले, एवढे एका वहीत लिहायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची आहे? वही आम्ही देऊ. जागाही संघटनेच्या कचेरीत आहे, रविवारी सकाळी ती रिकामीच असते.