पेसमेकर आहे, मग धाप का लागते?

तुमच्यापैकी अनेकांचे आई-वडील तिकडे भारतात आहेत. फोनवर कळतं, ‘बाबांना पेसमेकर बसवला, आता काळजी नाही.’ काही वर्षांनी बाबा जिन्यात थांबायला लागतात, पाय सुजतात, रात्री दोन-दोन उशा लागतात. घरचे म्हणतात, वय झालं. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

पेसमेकर ठोके सांभाळतो. हृदयाच्या स्नायूचा आजार तो बरा करत नाही, आणि कधीकधी त्यात भरच घालतो. नेहमीची तार उजव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यात असते, त्यामुळे उजवी बाजू आधी आकुंचन पावते आणि डावी मागून. काहींची डावी जवनिका यानेच ढिली पडते. पेसमेकर तपासल्यावर मिळणाऱ्या कागदावर जवनिकेच्या पेसिंगचे टक्के छापलेले असतात, ते बघा. 20 च्या वर असतील आणि इकोत पंपिंग घसरलं असेल, तर तारेवर संशय घ्यायचा. डाव्या बाजूला आणखी एक तार घालून दोन्ही बाजू एकत्र चालवता येतात, याला सीआरटी म्हणतात. आता हृदयाच्या स्वतःच्या विद्युतमार्गावरच, उदाहरणार्थ हिज बंडलवर, तार बसवतात. कायमच्या हिज बंडल पेसिंगचा पहिला अनुभव 2000 साली पेनसिल्व्हेनियातल्या डॉ. प्रमोद देशमुख यांच्या गटाने मांडला होता.

पण सगळं खापर तारेवर फोडून थांबू नका. मुळात या विद्युतमार्गात ब्लॉक झाला कशाने, हे पेसमेकर बसवताना पुष्कळदा कुणी विचारलेलंच नसतं. साठीच्या आतल्या माणसात सार्कॉइडोसिस हा हृदयात सूज आणणारा आजार असू शकतो. भारतात क्षयाचाही विचार करावा लागतो. पेट स्कॅनमध्ये सूज दिसते आणि तिच्यावर औषधं आहेत. म्हातारपणी अमायलॉइड, म्हणजे हृदयाच्या भिंतीत प्रथिन साचण्याचा आजार, असू शकतो. इकोत भिंती जाड आणि पूर्वी दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं ऑपरेशन, एवढं कळलं तरी मी लगेच रक्त-लघवीच्या तपासण्या आणि पायरोफॉस्फेट स्कॅन सांगतो. एक अडचण असते. पेसमेकर चालू असताना ईसीजीवर त्याचीच छाप उमटते, मूळ आजाराच्या खुणा झाकल्या जातात. म्हणून पेसमेकरच्या आधीचे ईसीजी आणि इको कपाटातून शोधून काढायला सांगा.

आणि वडिलांना चाळिशी-पन्नाशीतच पेसमेकर लागला असेल, एखादे काका अचानक गेले असतील, तर लॅमिन जनुकातला दोष तपासायला हवा. तिथे नुसता पेसमेकर पुरत नाही, बहुधा शॉक देणारं यंत्र लागतं. हा दोष प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, तेव्हा त्या घरातल्या मुलांनी इथे स्वतःचा ईसीजी आणि इको काढून घ्यावा.