डिक्शनरीतली वतनदारी

(नालासोपारा पूर्वेच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिलाय : 'इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा'. तो वाचून दोन-चार जणांनी नाकं मुरडली, ती मी बघितली. आपण आलो व्यवस्था उलथायच्या गोष्टी ऐकायला, नि हा मास्तर स्पेलिंग घोकायला लावणार, असं त्यांना वाटलं असेल. मी मास्तर नाही. प्लास्टिकच्या मशीनवर राबणाऱ्या कामगाराचा पोरगा आहे. एका इंग्रजी शब्दापायी आमच्या घराचे अकरा हजार रुपये बुडाले, नि तो शब्द चुकीचा वाचणारा मीच होतो. ती गोष्ट आधी सांगतो. मग फळ्याकडे वळू.

साल १९९९. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात बाप बारा वर्षं मशीनवर होता. एका रात्री छातीत दुखतंय म्हणाला नि सकाळच्या पाळीला गेलाच नाही. मी दहावीत, मराठी मिडियम. पुण्यानुमोदन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी गाळ्यातून माणूस आला. हातात टाइप केलेला कागद आणि सात हजार रुपये रोख. आई तिसरीपर्यंत शिकलेली. तिनं कागद माझ्यापुढं धरला. "बघ रं, काय लिवलंय." दारात अख्खी चाळ उभी. मी घरातला शिकलेला. मी वाचायला लागलो. अर्धे शब्द डोक्यावरून गेले, पण एका ठिकाणी अडकलो : 'एक्स ग्रेशिया'. बापाच्या तोंडून मी 'ग्रॅच्युइटी' हा शब्द शंभरदा ऐकला होता. "ग्रॅच्युइटी मिळंल तवा पत्रे बदलू," असं तो पावसाळ्यात म्हणायचा. मला वाटलं, ग्रेशिया म्हणजे तीच. मी छाती फुगवून म्हटलं, "आई, ग्रॅच्युइटीच हाय ही. कर सही." आईनं सही केली. खाली 'फुल अँड फायनल' लिहिलं होतं. त्याचा अर्थ मी कुणाला विचारलाच नाही. फायनल हा शब्द मला परीक्षेपुरताच ठाऊक होता.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी कॉलेज करून मी एका वकिलाकडे टायपिंगला लागलो. तिथं तोच शब्द पुन्हा समोर आला. डिक्शनरी उघडली. लॅटिन शब्द. अर्थ : कृपेपोटी. देणाऱ्यावर बंधन नसताना, मेहेरबानी म्हणून दिलेलं. त्या दिवशी माझ्या पोटात जे गोळा आलं ते अजून गेलेलं नाही.

आता हिशेब मांडा. बाप गेला तेव्हा १९७२चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होता. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. एरवी सलग पाच वर्षं नोकरीची अट, पण कामगार मेला तर तीही नाही. बापाचा पगार होता २६०० रुपये. म्हणजे दिवसाला १००. पंधरा दिवसांचे १५००. बारा वर्षांचे १८,०००. हातात पडले सात. वर मेहेरबानीचा शिक्का. बाराही वर्षांचा घाम त्या माणसानं दोन शब्दांत हक्काच्या खात्यातून काढून भिकेच्या खात्यात टाकला, नि त्या कागदावर आमचीच सही.

पण गंमत पुढं आहे. 'ग्रेशिया' नि 'ग्रॅच्युइटी' हे शब्द लॅटिनच्या एकाच घरातले. हॉटेलात वेटरला ठेवतात त्या बक्षिशीलाही इंग्रजीत ग्रॅच्युइटीच म्हणतात. म्हणजे कधीकाळी तीही मालकाची मर्जीच होती. १९७२ साली त्या मर्जीचा कायदेशीर हक्क झाला. शब्द तोच राहिला, मालक बदलला. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे तुम्हाला सांगायला नको. आणि त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, त्यात 'नॉटविथस्टँडिंग' असा लांबलचक शब्द. म्हणजे 'काहीही असलं तरी'. कुठल्याही करारात याच्या उलट लिहिलेलं असलं, तरी चालणार हा कायदाच. म्हणजे आईची सही असूनही उरलेले पैसे मागता आले असते! एका शब्दानं आम्हाला नागवलं, नि वाचवणारा दुसरा शब्द कायद्याच्या पुस्तकात बसून होता. आमची त्याची ओळख नव्हती. ओळख झाली तेव्हा गाळ्याला कुलूप होतं नि मालकाचा पत्ता नव्हता.

मी आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुला काय ठावं हुतं तवा. पर हितनं पुढं चाळीतलं कोन कागुद घिऊन आलं तर नीट वाचत जा." तेव्हापासून वाचतो. आज इथं उभा आहे तो त्याच हुकमानं.

तर 'ॲडव्हान्स्ड' शब्दसंग्रह म्हणजे काय? स्टेशनजवळच्या क्लासच्या बोर्डावर लिहिलेलं असतं, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी. ते शिकवतात हसून हात कसा मिळवायचा ते. काही पोरं फुटपाथवरून जाडी पुस्तकं आणतात नि साहेबावर छाप पाडायला दहा अवघड शब्द पाठ करतात. पाठ करा, माझं काही म्हणणं नाही. पण आपल्याला आधी लागतात ते सत्तेचे शब्द. नोटिशीतले, करारातले, जीआरमधले, पोलीस ठाण्यातले, हॉस्पिटलच्या फॉर्मवरचे. 'वेव्ह' म्हणजे हक्क सोडणं. 'व्हॉलंटरिली' म्हणजे स्वखुशीनं, नि कागदावर हा शब्द दिसला की समजा, कुणीतरी कुणाला तरी कोपऱ्यात घेतलंय. 'विदाउट प्रेज्युडिस'. डिक्शनरीत प्रेज्युडिसपुढं पूर्वग्रह लिहिलेलं असतं, पण कायद्याच्या कागदावर त्याचा अर्थ, इतर हक्कांना बाधा न आणता. हे दोन शब्द सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहिता आले असते, तर आमचा कागद वेगळा झाला असता.

गावगाड्यात जमिनीची वतनं होती, तशी शब्दांचीही आहेत. वतनदार शब्द वापरतो, आपण त्याची झळ सोसतो. लांब कशाला, वसईचंच बघा. १५३४ साली गुजरातच्या सुलतानानं वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ला चिमाजी अप्पानं जिंकेपर्यंत ती त्यांच्याकडे होती. शाळेत आपल्याला किल्ला नि तोफा शिकवतात. पण पोर्तुगीजांनी आणखी एक गोष्ट मागं ठेवली, 'कास्ता' हा शब्द. वंश, कूळ, पैदास. इथली जात बघून त्यांनी तो तिला लावला, नि त्यांच्याकडून तो इंग्रजीत जाऊन 'कास्ट' झाला. जात इथली, नाव दर्यापारचं. 'पराया' हा इंग्रजी शब्द तर थेट तमिळ 'परैयर'वरून उचललेला. परै म्हणजे ढोल. ढोल वाजवणाऱ्या आपल्या भावांचं नाव जगभरच्या इंग्रजीत 'वाळीत टाकलेला' या अर्थानं फिरतंय, नि बोलणाऱ्या गोऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

उलटाही प्रवास आहे. 'बॉयकॉट' हे माणसाचं आडनाव. आयर्लंडमध्ये १८८० साली बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी होता. कुळांनी त्याच्याशी व्यवहार बंद केला. मजूर मिळेना, दुकानदार माल देईना. म्हणजे हे गरिबानं उपसलेलं हत्यार. आपल्या गावात तेच हत्यार कुणाच्या हाती असतं, ते तुमच्या आज्यांना विचारा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे, २०१७पासून लागू. त्याच्या इंग्रजी नावातच तीन शब्द आहेत : प्रिव्हेन्शन, प्रोहिबिशन, रिड्रेसल. आपण तिन्हीला 'बंदी' म्हणून मोकळे होतो. पण प्रिव्हेन्शन म्हणजे होऊ न देणं, प्रोहिबिशन म्हणजे मनाई करणं, नि रिड्रेसल म्हणजे झालेल्या अन्यायाची भरपाई. ही तीन वेगळी कामं आहेत. एक केलं नि दोन टाळली, तर अधिकाऱ्याला जाब विचारता येतो. पण फरक ठाऊक असला तर.

बाबासाहेब हे जाणून होते. परळच्या चाळीतली एक खोली, रामजीबाबा पोराला रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवायचे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी पोराकडून घटवून घेतली. तोच पोर पुढं गोलमेज परिषदेत बसला, तेव्हा एका शब्दावरून भांडला. सरकार आपल्याला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणायचं. १९३१ साली बाबासाहेबांनी हे नाव बदला म्हणून लेखी मागणी केली नि 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फॉर्मिस्ट हिंदू' असे पर्याय पुढं ठेवले. दबलेला नव्हे, नकार देणारा. साम्राज्याच्या भाषेत, साम्राज्याच्या इतिहासातले शब्द उचलून त्यांनी साम्राज्यालाच सुनावलं. याला म्हणतात ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी.

आणि अमेरिकेतले आपले भाऊ. फ्रेडरिक डग्लस गुलाम होता, तेव्हा त्यानं 'ॲबॉलिशन' हा शब्द ऐकला. मालक लोक तो दात खाऊन उच्चारायचे. त्यानं डिक्शनरी बघितली, तर लिहिलेलं, ॲबॉलिश करण्याची क्रिया! पण काय ॲबॉलिश करायचं? कुणाला विचारायची भीती. शेवटी वर्तमानपत्रात गुलामगिरी रद्द करण्याच्या अर्जांची बातमी वाचली, तेव्हा त्याला कळलं. हे त्यानं १८४५च्या आत्मकथनात लिहून ठेवलंय. ज्योतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, आणि अर्पणपत्रिका लिहिली इंग्रजीत. पुढं आपल्या संविधानाच्या सतराव्या कलमात अस्पृश्यता 'ॲबॉलिश' झाली. डग्लसला छळणारा तोच शब्द. आणि माल्कम एक्स. १९४६ ते १९५२ तुरुंगात. बाहेर रस्त्यावर जिभेला धार, पण चार ओळींचं पत्र लिहिता येईना. त्यानं डिक्शनरी मागवली नि पहिल्या पानापासून उतरवायला घेतली, स्वल्पविरामासकट. लिहिलेलं स्वतःला मोठ्यानं वाचून दाखवायचा. कोठडीत बसून तो पुस्तकं वाचायला लागला नि, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, इतका मोकळा आधी कधी नव्हता.

आता कामाचं बोलू. वह्या काढा.

पहिलं, पाया. न्यूझीलंडच्या पॉल नेशन या अभ्यासकानं मोजलंय की इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात. आकडा ऐकून घाबरू नका. पहिली दोन हजार पक्की झाली की कुठल्याही मजकुरातले पाचातले चार शब्द ओळखीचे निघतात. म्हणून आधी ती. ती कच्ची असताना वरचे शब्द घोकणं म्हणजे जोत्याशिवाय माळा बांधणं.

दुसरं, कुळं ओळखा. 'रॅडिकल' हा शब्द आपण मिरवतो. लॅटिनमध्ये 'रॅडिक्स' म्हणजे मूळ, 'इरॅडिकेट' म्हणजे मुळासकट उपटणं. 'डिक्ट' म्हणजे बोलणं. त्यावरून डिक्शनरी, व्हर्डिक्ट, कॉन्ट्रॅडिक्ट, डिक्टेटर. एक मूळ धरलं की अख्खी भावकी घरी येते. नॉर्मन लुईसचं १९४९चं 'वर्ड पॉवर मेड इझी' याच रीतीनं लिहिलंय. पण सावध. 'आउटकास्ट'चंच घ्या. शेवटी ई नसला तर 'कास्ट' म्हणजे फेकणं, फेकून दिलेला. ई असला तर जातीबाहेरचा. उच्चार जवळपास एक, कुळं वेगळी.

तिसरं, सोबत बघा. नुसता 'क्लेम' लिहू नका. क्लेम लॉज करतात, रिजेक्ट करतात, सेटल करतात, वेव्ह करतात. शब्द कुणासोबत उठतो-बसतो ते कळल्याशिवाय तो वापरता येत नाही.

चौथं, प्रत्येक शब्दाचं एक वाक्य आपल्या आयुष्यातलं. विहारातलं, पाण्याच्या टँकरचं, विरार लोकलचं. पुस्तकातला जॉन नि मेरी आपल्या ध्यानात राहत नाहीत.

पाचवं, उजळणी. आज लिहिलेला शब्द उद्या बघा, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. चर्चगेटपर्यंत रोज दीड तास लटकता ना? दहा शब्द चिठ्ठीवर, चिठ्ठी खिशात. रोजचे दहा जमले नाहीत तर पाच. पण रोज.

आणि सहावं, माझ्या आईचं. वस्तीत येणारा प्रत्येक इंग्रजी कागद इथं आणा. एकानं वाचायचा, दुसऱ्यानं डिक्शनरी बघायची, तिसऱ्यानं मराठीत मोठ्यानं सांगायचा. न कळलेल्या शब्दाला 'साधारण असंच असेल' म्हणायचं नाही. मी म्हटलं होतं. वकिलाला विचारा, दोन दिवस लागले तरी लागू द्या, पण तोवर सही नाही.

कुणीतरी म्हणेल, ही इंग्रजीची नवी ब्राह्मणशाही झाली. धोका आहेच. चार शब्द आले की आईशी बोलायला लाजणारी पोरं मी बघितलीत. इथून हाकेच्या अंतरावर सोपाऱ्याचा स्तूप आहे. तिथल्या मातीत १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. राजा एवढा मोठा, पण दगडावर कोरलं ते प्राकृतात, लोकांच्या बोलीत. हे विसरू नका. विद्रोह मराठीतच होईल, आपल्या वस्तीच्या मराठीत. पण मालकाचा कागद इंग्रजीत येत राहणार, नि तो वाचायला आपला माणूस पाहिजे.

आमचे पत्रे पुढं मी बदलले, माझ्या पगारातून. बापाच्या पैशानं बदलायचे होते.

या महिन्यात नोटीस आलेली तीन घरं आहेत. कागद मी सोबत आणलेत. चहा घ्या नि तिघा-तिघांचे गट करून बसा.

जय भीम.